शिमगा म्हणजे तारीख नव्हे

गोराईच्या बोटीत गेली तीस वर्षं लोक मला एकच प्रश्न विचारत आलेत: "केस होईल का?"

मी वकील नाही. वकिलाचा कारकून आहे. दावा टाइप करून घ्यायचा, कोर्ट फीचा हिशेब लावायचा, फाइलिंगच्या खिडकीशी उभं राहायचं, ऑब्जेक्शन निघालं की दूर करायचं, बोर्डावर आपला नंबर कितवा ते बघून साहेबांना फोन करायचा, हे माझं काम. सल्ला देणं माझ्या कामात बसत नाही, कायद्यात तर मुळीच नाही. पण गावाला हे पटत नाही. जो रोज कोर्टात जातो त्याला कोर्ट कळतं, असा गावाचा सरळ हिशेब. बोटीत पळून जायला जागाही नसते. पलीकडचा धक्का येईपर्यंत माणूस शेजारी बसून आपली सगळी कहाणी सांगतो आणि उतरता उतरता विचारतो, मग, होईल का?

बोरिवलीच्या बाहेरच्या माणसासाठी सांगायला हवं की गोराया दोन आहेत. खाडीच्या अलीकडची म्हाडाची गोराई. जागतिक बँकेच्या मदतीने ऐंशीच्या दशकात आखलेल्या छोट्या प्लॉटांची, बैठ्या घरांची, आता त्यावर मजले चढलेली. आणि खाडीपलीकडचं आमचं गाव: कोळी, भंडारी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती, होली मॅगी चर्च, वाड्या, समुद्र. रस्त्याने यायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा, म्हणून बोट. परगावच्या लोकांना एस्सेलवर्ल्ड, नाहीतर पॅगोडा म्हटलं की गाव कळतं. या दोन गोरायांमुळे एका दाव्याचं समन्स आमच्याकडे दोनदा परत आलं होतं, 'पत्ता सापडत नाही' असा शेरा मारून. बेलिफ बिचारा अलीकडच्या गोराईत सेक्टर विचारत फिरला. तेव्हापासून पत्त्याखाली मी कंसात लिहितो, 'खाडीपलीकडे, बोटीने'. कुठल्याही नमुन्यात ते बसत नाही, पण समन्स पोचतं.

मी कामाला लागलो तेव्हा सगळं फोर्टात होतं. पहाटेची बोट, बस, चर्चगेट लोकल, मग जुन्या सचिवालयाच्या इमारतीतलं सिटी सिव्हिल कोर्ट. त्या काळी पन्नास हजारांपर्यंतचाच दावा तिथे चालायचा. त्याच्या वरचा हायकोर्टात. मुंबईत पन्नास हजारात काय येतं? एखाद्या खोलीचा वाद घेऊन गोराईच्या माणसाने हायकोर्टात जायचं आणि तिथल्या वकिलांच्या फिया ऐकून त्याच लोकलने परत यायचं. ही मर्यादा २०१२ साली एक कोटीवर गेली, २०२४ पासून दहा कोटींवर. दिंडोशीला कोर्ट आलं आणि माझा प्रवास निम्म्याहून कमी झाला. आमच्यासारख्यांना कोर्ट खरं उघडलं ते या दोन गोष्टींनी. पेपरात मात्र त्याची बातमी कोपऱ्यात आली असेल.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असं म्हणतात. आता कोर्टात लिफ्ट असते, पण म्हण तशीच आहे. मला ती कधीच आवडली नाही. ती ऐकून घरी बसणारा नेहमी ज्याचं गेलेलं असतं तो असतो. ज्याने घेतलेलं असतं त्याला ती सोयीची पडते. अर्थात माझं पोट कोर्टावर चालतं, तेव्हा माझं मत जपून घ्यावं.

तर, केस होईल का? कायद्याचं उत्तर थक्क व्हावं इतकं उदार आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं नववं कलम म्हणतं की दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा दिवाणी कोर्ट चालवेल, एखाद्या कायद्याने मज्जाव केला नसेल तर. माणूस लहान की मोठा, शिकलेला की अंगठाबहाद्दर, याचा उल्लेख नाही. मज्जाव म्हणजे दुसरं दार, एवढंच बहुतेक वेळा. भाडेकरू-मालकाचं भांडण स्मॉल कॉजेस कोर्टात; उपनगरवाल्यांना वांद्रे. सोसायटीच्या कारभाराचं भांडण सहकार न्यायालयात. फ्रिज बिघडला, टूर कंपनीने फसवलं, तर ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकीलही लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. महापालिकेवर दावा करायचा तर आधी एक महिन्याची नोटीस, सरकारवर किंवा म्हाडावर दोन महिन्यांची. ज्याला वकील परवडत नाही त्याला विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. बाईला तर तिचं उत्पन्न न विचारता. ही यादी मी बोटीत इतक्यांदा म्हटली आहे की नाखव्यालाही पाठ झाली असेल.

एवढं सगळं मोकळं असून माणसं रिकाम्या हातांनी का परततात? माझ्या पाहण्यात न्याय-अन्यायापर्यंत गोष्ट पोचतच नाही. ती तारखेवर अडते.

मुदतीचा कायदा १९६३ चा आहे. उसने दिलेल्या पैशाला तीन वर्षं. मालकीच्या जोरावर जागेचा ताबा मागायला बारा. बदनामीला एक वर्ष. ग्राहक आयोगाला दोन. आणि ही मुदत म्हणजे लायब्ररीच्या पुस्तकाची तारीख नव्हे, की दंड भरला आणि सुटलो. अपिलाला उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो; मूळ दाव्याला तो करता येत नाही. समोरचा माणूस गप्प बसला तरी कोर्टाने स्वतःहून मुदत तपासायची आणि उलटली असेल तर दावा काढून टाकायचा, असं तिसरं कलम सांगतं. साहेबांकडे नवीन आलो तेव्हा मला हे क्रूर वाटलं होतं. खरं बोलणारा माणूस कॅलेंडरमुळे हरावा? साहेब म्हणाले, वीस वर्षांनी कुणीतरी तुझ्या दारात येऊन म्हणेल, तुझ्या बापाने माझे पैसे घेतले होते, तेव्हा तुला हे कलम आवडेल. तसं अजून कुणी आलेलं नाही. मत मात्र थोडं बदललं आहे.

आमच्या गावाची पंचाईत अशी की गाव तारखेने जगत नाही. बोट भरती-ओहोटी बघून लागते, होड्या पावसाळ्यात वर ओढतात आणि नारळी पुनवेला खाली घालतात. माणसं आठवतात ती अशी: तीन राजांच्या सणाच्या आधी, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, धाकटीच्या हळदीच्या दिवशी. खोटं कुणी बोलत नाही. पण दाव्यात 'कारण कधी घडलं' या परिच्छेदात हळद चालत नाही.

२०१९ च्या नारळी पुनवेनंतर एक मावशी बोटीत माझ्या शेजारी पाटी ठेवून बसली. बोरिवलीच्या बाजारात तिची बसायची जागा. भाच्याला इंजिनासाठी एक लाख ऐंशी हजार दिले होते, तो आता ओळख दाखवत नव्हता.

"कधी दिले?"

"पाच वर्षं झाली की. पण मागितले आत्ता. दोन महिने झाले."

इथे बहुतेक सगळे फसतात. 'मागशील तेव्हा देईन' म्हणून घेतलेल्या पैशाची मुदत मागितल्या दिवसापासून सुरू होत नाही. दिल्या दिवसापासून होते. मावशीने जुलै २०१४ मध्ये दिले होते, म्हणजे जुलै २०१७ ला खेळ संपला. हे तिला कसं सांगावं या विचारात मी विचारलं, मधल्या काळात काहीच दिलं नाही का त्याने?

"दिले ना. शिमग्याला वीस हजार."

"कुठल्या शिमग्याला?"

त्यावर बोटीत चर्चा झाली. कुणी म्हणालं, ज्या वर्षी अमक्याची होडी फुटली त्या शिमग्याला. दुसऱ्याने ते खोडून काढलं. धक्का आला, मावशीने पाटी उचलली आणि जाता जाता म्हणाली, "कालनिर्णयवर त्याने सही केलीय. ठेवलंय मी."

संध्याकाळी तिच्या घरी गेलो. खिळ्याला वर्षानुवर्षांची कालनिर्णयं एकावर एक टांगलेली. मार्च २०१७ च्या पानावर दुधाचे आकडे, गॅसचा नंबर लागल्याची खूण, आणि होळीच्या चौकटीजवळ निळ्या पेनाने, भाच्याच्या हातचं: 'मामीला २०,००० दिले, बाकी १,६०,०००', खाली सही. मला ते पान बघून जो आनंद झाला तो मुलाच्या निकालालाही झाला नव्हता. मुदत संपायच्या आत देणेकऱ्याने काही रक्कम दिली आणि ती दिल्याचं त्याच्या हातचं किंवा सहीचं लिखाण असलं, तर घड्याळ तिथून पुन्हा पहिल्यापासून चालू लागतं. मार्च २०१७ पासून तीन वर्षं म्हणजे मार्च २०२०. आमच्या हातात सात महिने होते.

साहेबांनी आधी तिला एकच विचारलं: "मावशी, व्याजाने पैसे लावता का?" परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणाऱ्याचा वसुलीचा दावा कोर्ट फेटाळतं. नात्यात एखाद्याला हातउसने देणं ही सावकारी नव्हे. मावशी इतकी रागावली की तिचं उत्तर ऐकायची गरज उरली नाही. आमचं कोर्ट चालतं इंग्रजीत, तेव्हा त्या पानाचं भाषांतर झालं. भाषांतरकाराने इमानाने दुधाचा हिशेबही भाषांतरित केला: 'तीन लिटर, म्हशीचं'. ते कागद अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

दावा ऑक्टोबरमध्ये दाखल झाला. मग टाळेबंदी आली. त्या काळाबद्दल एक सांगून ठेवतो: सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. ज्यांची मुदत त्यात संपत होती त्यांना कोर्टाने जवळजवळ दोन वर्षं परत दिली. हे माहीत नसल्यामुळे 'आपलं आता गेलं' म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मावशीचं प्रकरण नंतर लोक अदालतीत मिटलं, दीड लाखावर, हप्त्यांनी. लोक अदालतीत मिटलं की भरलेली कोर्ट फीही परत मिळते. भाचा आता ओळख दाखवतो की नाही ते मी विचारलं नाही.

पैशाचं असं. वाटेचं आणखी विचित्र.

वहिवाट हा शब्द मला फार आवडतो. त्यात वाट आहे, आणि पाय पडून पडून ती झाली आहे हेही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने वीस वर्षांची वहिवाट मानली. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, अखंड आणि हक्क म्हणून ये-जा केली की तो हक्क होतो. वाट अडवली तर मात्र दोन वर्षांच्या आत कोर्टात यावं लागतं. गावातल्या एका बाईची विहिरीकडे जायची वाट नवीन मालकाने भिंत घालून बंद केली. वाडी विकली गेली होती, घेणारा शहरातला. बाई म्हणाली, आम्ही पन्नास वर्षं इथून जातोय. मी खूश, वीस लागतात, इथे पन्नास! आणि अडवून जेमतेम चार महिने झालेले. मी तिला घेऊन साहेबांकडे गेलो.

साहेबांनी विचारलं, "जाताना कुणाला विचारायचात का?"

बाईला प्रश्न जरा अपमानाचा वाटला. "विचारल्याशिवाय कसं जाणार? ओटीवर आजी बसलेली असायची. 'आजी, जाऊ का?' म्हणायचं, ती 'जा गो बाय' म्हणायची. आम्ही काय चोर आहोत?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. विचारून जाणं म्हणजे परवानगी. परवानगीने पन्नास नाही, शंभर वर्षं गेलात तरी हक्क तयार होत नाही. जो न विचारता, हा माझा रस्ता आहे अशा तोऱ्याने जातो, त्याचाच हक्क पिकतो. पन्नास वर्षांची बाईची रीतभात तिच्याच विरोधात साक्षीला उभी राहिली. साहेबांनी तिला सांगितलं नाही की कोर्टात वेगळं बोला. मीही सांगितलं नाही, पण त्या रात्री मनात आलं होतं, हे कबूल करतो. शेवटी नोटीस गेली, बोलणी झाली, भिंतीत एक लहान फाटक बसलं. ती हाक मारते, वॉचमन उघडतो. वाट आहे. हक्क नाही.

हिश्शाच्या भांडणांवर लिहायला बसलो तर पुस्तक होईल, तेव्हा थोडक्यात. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या पावतीवर फक्त भावांची नावं असली म्हणजे बहिणींचं काही नाही, असं दोन्ही बाजू मानून चालतात. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, मालकी तिने ठरत नाही. ख्रिस्ती घरांत तर १९२५ च्या वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर विधवेला तिसरा हिस्सा आणि बाकीचं मुलगे-मुलींना सारखं. 'आमच्यात मुलींना देत नाहीत' हे वाक्य मी दोन्ही धर्मांच्या ओट्यांवर ऐकलं आहे. आणि एक कारकुनी गोष्ट: मुंबईत जागेचा दावा लावला की तेवढ्याने थांबू नये. दावा चालू असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते. १९३९ पासून आपल्याकडे हा खास नियम आहे. नोंदवली नाही तर भाऊ मधल्या मध्ये जागा विकतो आणि घेणाऱ्याला तुमच्या दाव्याचं बंधन राहत नाही.

आता माझी चूक.

२०१३ ची गोष्ट. किनाऱ्याला बोंबील सुकवतात त्या बाजूला एका काकांची जाळी ठेवायची खोप होती. पत्र्याची, दोन माणसं निजतील एवढी. जानेवारीत, तीन राजांचा सण झाल्यावर, पुतण्याने तिला स्वतःचं कुलूप घातलं आणि जाळी बाहेर काढून ठेवली. काका मला बोटीत भेटले तेव्हा एप्रिल होता. त्यांनी विचारलं, केस होईल का? मी म्हणालो, होईल, पण घाई कशाला, तीन वर्षं असतात, पाऊस जाऊ द्या. खरं कारण निराळं होतं. मे महिन्याची सुट्टी तोंडावर होती, साहेब गावी जायचे होते, आणि काका-पुतणे दोघेही माझ्या ओळखीचे. मला त्यांच्या मधे पडायचं नव्हतं. तीन वर्षं हा आकडा आमच्या ऑफिसातल्या पैशाच्या दाव्यांमुळे जिभेवर बसलेला, तो मी फेकला.

ऑक्टोबरात काका स्वतः ऑफिसात आले. साहेबांनी तारीख विचारली, बोटांवर महिने मोजले, आणि माझ्याकडे न बघता सांगू लागले. विशिष्ट अनुतोष कायद्याचं सहावं कलम अशाच माणसासाठी आहे. कायद्याची वाट सोडून कुणी तुम्हाला जागेतून काढलं, तर मालक कोण याची चर्चा न करता कोर्ट ताबा परत देतं. काढणारा स्वतः मालक असला तरीसुद्धा. फक्त दावा सहा महिन्यांत लावायचा. ते जुलैत संपले होते. नंतरही बारा वर्षांच्या मुदतीतला दावा उरतो, पण त्यात समोरच्याला मालकी पुढे करता येते, आणि पुतण्याकडे कसल्या कसल्या पावत्या होत्या. काकांकडे काय होतं? चाळीस वर्षांचा वावर आणि एक चावी, जी आता कुठल्या कुलपाला लागत नव्हती.

"म्हणजे जुलैच्या आत आलो असतो तर कागद लागले नसते?" काकांनी विचारलं.

"मालकीचे लागले नसते," साहेब म्हणाले.

काका माझ्याकडे वळले नाहीत. एप्रिलमधल्या बोटीचं नावही त्यांनी काढलं नाही. मीच बाहेर जिन्यात गाठून सांगितलं की काका, मी चुकीचं सांगितलं. ते म्हणाले, तू वकील थोडाच आहेस. यापेक्षा शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दावा त्यांनी लावला नाही. सत्तरीत बारा वर्षांचं भांडण कोण मांडणार.

तेव्हापासून बोटीत कुणी 'होईल का' म्हटलं की मी हो किंवा नाही म्हणत नाही. तारीख कोणती, एवढंच विचारतो. कहाणी नंतर. पोरं मोबाइल काढून फोटोची तारीख, मिनिट, सेकंद दाखवतात. म्हातारी माणसं सण सांगतात आणि मी जुनी कालनिर्णयं शोधायला लावतो. कुणी हसतं, याला तारखेचं वेड लागलंय म्हणून. आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा म्हणून मी मागे लागतो, मग तो वकील आमच्या साहेबांकडचा नसला तरी.

काकांची जाळी मी माझ्या पडवीत ठेवून घेतली. पहिल्या पावसाळ्यापुरती म्हणून आली, ती तिथेच राहिली. दोरी, बोयरी, मिठाचा वास. बायको कुरकुरली, मग तिने त्यावरच तुळशीचं जुनं डबडं ठेवलं. काका सकाळी येतात, दारातून हाक मारतात, एखादा फाटका भाग विणत बसतात. एकदा चहा घेताना त्यांनी पडवीभर नजर फिरवली आणि विचारलं, "काय रे, इथे माझी जाळी आता किती वर्षं झाली?"

मी म्हटलं, अकरा.

"आणि मी ती परवानगीने ठेवलीत की हक्काने?"

मी म्हटलं, "काका, उद्यापासून हाक न मारता या."